एलजीबीटी रुग्णांची परिचर्या आणि नर्सिंग शिक्षण

एलजीबीटी रुग्णांची परिचर्या आणि नर्सिंग शिक्षण हा परिचर्याशास्त्राच्या अध्यापनातील एक विषय आहे. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी आणि आंतरलिंगी व्यक्ती रुग्ण म्हणून रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात आल्यावर त्यांची शुश्रूषा भेदभावाविना, सुरक्षितपणे व सन्मानाने करण्यासाठी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना लागणारे ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती यांचा त्यात समावेश होतो. या रुग्णांचे बहुतेक आजार इतर रुग्णांसारखेच असतात. ताप, प्रसूती, मधुमेह, अपघात, सर्पदंश यांत लैंगिकतेचा संबंध येत नाही. फरक पडतो तो रुग्ण आपली माहिती सांगू शकतो की लपवतो, उपचार पूर्ण करतो की अर्धवट सोडून निघून जातो, या बाबतीत. रुग्णाच्या सर्वाधिक निकट परिचारिका असल्याने तिच्या प्रशिक्षणाला या संदर्भात विशेष महत्त्व आहे.

भारतात इ.स. २०१४ नंतरचे न्यायनिर्णय व कायदे यांमुळे हा विषय पुढे आला. मात्र अभ्यासक्रमातील बदलांची चर्चा प्रामुख्याने वैद्यकीय (एमबीबीएस) शिक्षणापुरती झाली. यवतमाळसारख्या विस्तीर्ण व ग्रामीण जिल्ह्यात आरोग्यसेवेशी होणारा पहिला संपर्क बहुधा परिचारिकेशी वा आरोग्यसेविकेशी असतो. त्यामुळे तेथे हा प्रश्न अधिक ठळकपणे जाणवतो.

## संज्ञा

या क्षेत्रातील मराठी संज्ञा अद्याप पूर्णपणे स्थिरावलेल्या नाहीत. विद्यार्थ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रचलित अर्थ पुढीलप्रमाणे :

* समलिंगी – स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटणारी व्यक्ती. पुरुषांसाठी ‘गे’ व स्त्रियांसाठी ‘लेस्बियन’ हे शब्दही मराठीत रूढ आहेत.
* उभयलिंगी – स्त्री व पुरुष या दोहोंविषयी आकर्षण वाटणारी व्यक्ती. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हाच शब्द गांडुळासारख्या, दोन्ही जननेंद्रिये असणाऱ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.
* पारलिंगी – जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख यांत फरक असणारी व्यक्ती. जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेली पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री. याउलट पारलिंगी पुरुष.
* तृतीयपंथी – महाराष्ट्रात शासकीय व्यवहारात सर्वाधिक वापरला जाणारा शब्द. लोकव्यवहारात तो मुख्यतः हिजडा अथवा किन्नर समाजातील व्यक्तींना उद्देशून वापरला जातो; अनेक पारलिंगी पुरुष स्वतःसाठी तो वापरत नाहीत.
* आंतरलिंगी – जननेंद्रिये, गुणसूत्रे वा संप्रेरके यांची जन्मजात रचना स्त्री किंवा पुरुष या ठरावीक साच्यात न बसणारी व्यक्ती. ही शरीररचनेची बाब आहे. तिच्यावरून व्यक्तीचे आकर्षण वा ओळख ठरत नाही.

लैंगिक कल, लिंगओळख आणि शरीररचना या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. हा भेद समजणे ही या विषयातील पहिली पायरी मानली जाते.

## पार्श्वभूमी

### आजारपणाच्या कल्पनेत झालेला बदल

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत समलैंगिकता हा मानसिक विकार मानला जात असे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने इ.स. १९७३ मध्ये तिला विकारांच्या यादीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातून तिचे नाव काढण्याचा निर्णय घेतला. या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात पारलिंगी व्यक्तींशी संबंधित नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून हलवून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आली. संप्रेरकोपचार किंवा शस्त्रक्रिया हवी असणाऱ्यांना वैद्यकीय सेवेचा मार्ग खुला राहावा, पण पारलिंगी असणे म्हणजे मनोविकार असा शिक्का बसू नये, असा या बदलामागील हेतू होता. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही इ.स. २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याची भूमिका जाहीर केली.

### परिचर्याशास्त्रातील विचार

रुग्णाची संस्कृती लक्षात घेऊन शुश्रूषा करावी, हा विचार मॅडेलिन लेनिंजर यांनी मांडला. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही संकल्पना विकसित केली. परिचारिकेने रुग्णाच्या समाजाविषयी माहिती गोळा करणे पुरेसे नाही. स्वतःचे पूर्वग्रह व स्वतःच्या हाती असलेली सत्ता ओळखली पाहिजे, आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवावे, असे तिचे सूत्र आहे. ही संकल्पना माओरी समाजाच्या संदर्भात निर्माण झाली असली तरी पुढे एलजीबीटी रुग्णांच्या परिचर्येतही तिचा उपयोग झाला.

शिक्षणात या विषयाला मिळणारा वेळ जगभर अपुरा असल्याचे दिसते. अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या इ.स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार संपूर्ण अभ्यासक्रमात या विषयासाठी दिलेल्या वेळेचे मध्यमान केवळ ५ तास होते. अमेरिकेतील नर्सिंग पदवी अभ्यासक्रमांच्या अध्यापकांकडून माहिती घेऊन इ.स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते सुमारे २ तास आढळले.

## भारतातील कायदेशीर चौकट

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी पुढील निर्णय व कायदे महत्त्वाचे आहेत :

* नालसा निर्णय (१५ एप्रिल २०१४) – सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीला स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि रुग्णालयांत तृतीयपंथीयांना योग्य वैद्यकीय सेवा पुरवण्याचे निर्देश शासनाला दिले.
* नवतेजसिंग जोहर निर्णय (६ सप्टेंबर २०१८) – प्रौढांमधील संमतीने होणारे समलैंगिक संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळण्यात आले.
* मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ – मानसिक आरोग्यसेवा देताना लैंगिक कलासह कोणत्याही आधारावर भेदभाव करण्यास मनाई केली. प्रौढ व्यक्तीला स्वतःचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ निवडण्याचा अधिकार दिला. हा प्रतिनिधी रक्ताचा नातेवाईकच असला पाहिजे असे बंधन नाही.
* एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ – चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती, गोपनीयता आणि भेदभावास मनाई या तरतुदी केल्या. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.
* तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ – १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. आरोग्यसेवा नाकारणे वा तीत अन्यायकारक वागणूक देणे यांस त्याने मनाई केली. कलम १५ मध्ये संप्रेरकोपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन व विमा यांसंबंधीची शासनाची कर्तव्ये सांगितली आहेत.

या अधिनियमाच्या कलम १५ मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाचा आढावा घेण्याची तरतूद आहे. परंतु ती डॉक्टरांच्या संदर्भात केलेली आहे. परिचारिकांच्या अभ्यासक्रमाचा तेथे स्वतंत्र उल्लेख नाही.

सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे रुग्णाचा जोडीदार कायद्याने ‘पती’ किंवा ‘पत्नी’ ठरत नाही. मात्र या निर्णयानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला मृतदेहाचा ताबा मागता यावा अशी व्यवस्था करण्यास सांगितले.

## अभ्यासक्रमाची स्थिती

### वैद्यकीय अभ्यासक्रमातील बदल

एस. सुषमा विरुद्ध पोलीस आयुक्त या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी दिलेल्या आदेशात आरोग्य कर्मचाऱ्यांसह विविध घटकांच्या संवेदीकरणावर भर दिला. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांचे लेखक व महाविद्यालये यांना एलजीबीटी समुदायाविषयीचा अशास्त्रीय व अवमानकारक मजकूर टाळण्याची सूचना केली. लैंगिक कल ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे आयोगाने इ.स. २०२२ मध्ये स्पष्ट केले.

हा बदल सरळ रेषेत झाला नाही. आयोगाने ऑगस्ट २०२४ अखेर प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलैंगिक संबंधांचा समावेश पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त झाला होता. टीकेनंतर या सूचना ५ सप्टेंबर २०२४ रोजी मागे घेऊन सुधारित स्वरूपात प्रसिद्ध करण्यात आल्या. एकदा गाळलेला मजकूर जुन्या पुस्तकांतून पुन्हा परत येऊ शकतो, हे या घटनेतून दिसले.

महाराष्ट्रात सेहत या मुंबईस्थित संस्थेने वैद्यकीय शिक्षण संचालनालय व महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्या सहकार्याने एमबीबीएस अभ्यासक्रमात लिंगभावाचा दृष्टिकोन आणण्याचे काम केले. अभ्यासक्रमातील अशास्त्रीय भाग गाळण्याचे एक उदाहरण विदर्भातीलच आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी तथाकथित कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे दाखवून दिले. त्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने इ.स. २०१९ मध्ये तो भाग अभ्यासक्रमातून वगळला.

### नर्सिंग अभ्यासक्रम

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या सूचना नर्सिंग महाविद्यालयांना बंधनकारक नसतात. नर्सिंगचे अभ्यासक्रम इ.स. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद ठरवत आली आहे. तिच्या जागी नवी रचना आणण्यासाठी संसदेने इ.स. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम संमत केला. महाराष्ट्रात पदवी शिक्षण नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत होते, तर परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. शिक्षणाचे मुख्य टप्पे असे : दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम, चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग आणि त्यापुढील पदव्युत्तर शिक्षण.

परिषदेने इ.स. २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगसाठी आठ सत्रांचा सुधारित अभ्यासक्रम लागू केला. त्यात परिचर्येची मूलतत्त्वे, संवादकौशल्य, व्यावसायिक नीती, सामुदायिक आरोग्य परिचर्या, प्रसविकाशास्त्र व मानसिक आरोग्य परिचर्या हे विषय आहेत. एलजीबीटी रुग्णांची परिचर्या यांपैकी प्रत्येक विषयाशी निगडित आहे. मात्र हा विषय केवळ मानसोपचाराच्या पुस्तकातील लैंगिक विकारांच्या प्रकरणापाशी भेटला, तर विद्यार्थ्याच्या मनात ‘हा एक विकार आहे’ हीच जुनी समजूत पक्की होण्याचा धोका असतो.

नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांच्या दर्जाचा प्रश्न यापूर्वीही चर्चेत आला आहे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठीच्या समाजशास्त्राच्या एका पुस्तकात हुंड्याचे ‘फायदे’ सांगितल्याचे एप्रिल २०२२ मध्ये उघड झाले. भारतीय परिचर्या परिषदेने त्या मजकुराचा निषेध करून आपण कोणत्याही लेखकाच्या पुस्तकाला मान्यता देत नसल्याचे स्पष्ट केले. अभ्यासक्रम आणि बाजारात मिळणारे पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने अध्यापकाची भूमिका निर्णायक ठरते.

## प्रशिक्षणाचे घटक

### भाषा व संबोधन

मराठीत क्रियापदाच्या रूपातून बोलणाऱ्याचे लिंग व्यक्त होते. ‘मी आलो’, ‘मी आले’ किंवा वऱ्हाडी बोलीतील ‘मी आली’ यांपैकी रुग्ण स्वतःसाठी कोणते रूप वापरतो, हे परिचारिकेला पहिल्याच वाक्यात ऐकू येते. तेच रूप पुढे वापरणे हा आदराचा सर्वांत सोपा मार्ग होय.

‘तू कधी आलास?’ किंवा ‘तू कधी आलीस?’ असे विचारताना लिंग गृहीत धरावे लागते. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘जेवलात का?’, ‘बसा’ या आदरार्थी रूपांत तसे करावे लागत नाही. प्रत्येक रुग्णाला ‘तुम्ही’ म्हणण्याची सवय लागल्यास हा प्रश्न बहुतांशी सुटतो. ड्युटी बदलताना पुढच्या परिचारिकेला माहिती देतानाही ‘खाट क्रमांक ७ च्या रुग्णाला रात्री ताप आला’ अशी वाक्यरचना करता येते. पारलिंगी व्यक्तीचा उल्लेख ‘ते आलंय’ असा नपुंसकलिंगी करणे अवमानकारक आहे. रुग्णाला त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारावी. ओळखपत्रावरील नाव वेगळे असल्यास ते कागदोपत्री नोंदवावे, पण प्रतीक्षालयात मोठ्याने पुकारू नये.

### नोंदणी, खाट आणि खासगीपणा

केसपेपरवर ‘स्त्री’ की ‘पुरुष’ हा प्रश्न येताच अडचण सुरू होते. त्यानंतर कोणत्या वॉर्डात दाखल करायचे, कोणते स्वच्छतागृह वापरायचे, हे प्रश्न येतात. रुग्णाला विचारून, त्याची सुरक्षितता पाहून वरिष्ठांच्या संमतीने निर्णय घ्यावा, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. तपासणी, मलमपट्टी वा कॅथेटर लावण्याच्या वेळी पडदा लावणे, आवश्यक तेवढाच भाग उघडा करणे आणि केवळ कुतूहलापोटी इतरांना न बोलावणे हे परिचर्येचे मूलभूत नियम येथे अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. शिकाऊ विद्यार्थ्यांचा गट खाटेभोवती उभा करण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घेणे आवश्यक आहे.

### आरोग्याचा इतिहास

‘लग्न झालं आहे का?’ या प्रश्नातून लैंगिक आरोग्याची माहिती मिळेलच असे नाही. विवाहित पुरुषाचे पुरुषांशी संबंध असू शकतात. अविवाहित स्त्रीची जोडीदार स्त्री असू शकते. त्यामुळे आवश्यक असेल तेव्हाच, कारण सांगून, नातेवाईकांना बाजूला बसवून आणि निवाडा न करता प्रश्न विचारावे लागतात. ‘हा प्रश्न सर्वांनाच विचारतो, उत्तर उपचारासाठी उपयोगी पडेल’ एवढे वाक्यही रुग्णाची भीती कमी करते.

शरीरात जो अवयव आहे त्याची काळजी घ्यावी लागते, हे सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. पारलिंगी पुरुषाचे गर्भाशय शाबूत असल्यास त्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी लागते आणि गर्भधारणाही संभवते. पारलिंगी स्त्रीच्या शस्त्रक्रियेनंतरही पुरःस्थ ग्रंथी सामान्यतः शरीरात राहते. स्त्रियांशीच संबंध असलेल्या स्त्रियांनाही गर्भाशयमुखाची तपासणी आवश्यक असते. डॉक्टरांच्या सल्ल्याविना, अनेकदा गर्भनिरोधक गोळ्यांच्या स्वरूपात घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो. म्हणून घेत असलेल्या औषधांची चौकशी रागावून न करता करावी. अप्रशिक्षित व्यक्तीकडून केलेल्या लिंगच्छेदनानंतर रक्तस्राव, जंतुसंसर्ग व मूत्रमार्ग आकुंचन पावणे हे धोके असतात.

एलजीबीटी रुग्ण म्हणजे एचआयव्हीचा रुग्ण, हे समीकरण चुकीचे आहे. संसर्ग टाळण्याची मानक दक्षता सर्व रुग्णांच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते. एखाद्याच रुग्णासाठी दोन-दोन हातमोजे घालणे किंवा त्याची खाट दूर लोटणे यातून संरक्षण वाढत नाही. भेदभाव मात्र उघड होतो.

### नातेवाईक आणि संमती

रुग्णालयांत ‘नातेवाईकाला बोलवा’ हे वाक्य नित्याचे आहे. घरातून बाहेर काढलेल्या किंवा घरापासून दुरावलेल्या रुग्णासाठी हेच वाक्य उपचारातील अडथळा ठरू शकते. प्रौढ व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती आवश्यक असते आणि दुसऱ्याची संमती तिची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात (२००८) स्पष्ट केले आहे. रुग्णासोबत जोडीदार, मित्र किंवा तृतीयपंथी समाजातील गुरू आले असतील, तर ‘तुमच्या प्रकृतीविषयी कोणाशी बोलू?’ असे रुग्णालाच विचारून उत्तर नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते. भेटीला आलेल्या आईवडिलांसमोर रुग्णाची ओळख उघड होणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.

### नवजात बालक

बाळाचे लिंग प्रथम पाहणारी व्यक्ती बहुधा प्रसूती करणारी परिचारिका असते. लिंग स्पष्ट नसल्यास अंदाजाने जाहीर न करता, ‘बाळ सुखरूप आहे, काही तपासण्या करून सांगू’ असे पालकांना सांगून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवणे योग्य असते. अशा स्थितीमागे काही वेळा अधिवृक्क ग्रंथींचा, जिवावर बेतू शकणारा विकार असतो. त्यामुळे लाज वा गुप्ततेपोटी झालेला उशीर बाळाच्या जिवावर येऊ शकतो. केवळ बाह्य रूप ‘ठीक’ करण्यासाठी आंतरलिंगी बालकांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांवर तमिळनाडू शासनाने इ.स. २०१९ मध्ये, जीवघेणी परिस्थिती वगळता, बंदी घातली.

### मानसिक आरोग्य

नैराश्य, व्यसन व आत्महत्येचे विचार यांमागे रुग्णाची लैंगिकता नसून तिच्यामुळे वाट्याला आलेली हेटाळणी, मारहाण, सक्तीचे लग्न किंवा घरातून हकालपट्टी असू शकते. विष प्राशन केलेल्या तरुण रुग्णाशी एकांतात बोलणे, कारणाचा अंदाज आला तरी ते नातेवाईकांना न सांगणे आणि समुपदेशकाकडे पाठवणे ही परिचारिकेची कामे होत. १४४१६ या क्रमांकावरील टेलिमानस ही शासकीय सेवा इ.स. २०२२ पासून उपलब्ध झाली. लैंगिक कल ‘बरा’ करण्यासाठी कुटुंबीयांनी औषध मागितल्यास तसा उपचार नसल्याचे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे लागते.

## ग्रामीण संदर्भ : यवतमाळ जिल्हा

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर असून त्यात १६ तालुके आहेत. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. त्याच जनगणनेत प्रथमच स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ असा पर्याय ठेवण्यात आला. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींची गणना जनगणनेत होत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी इ.स. १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. झरी जामणी, मारेगाव, वणी किंवा उमरखेड या दूरच्या तालुक्यांतील रुग्णाला मात्र प्रथम उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र वा ग्रामीण रुग्णालय गाठावे लागते. जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा या भाषाही बोलल्या जातात. शहरातील रुग्णाला एका दवाखान्यात अपमान झाला तर दुसरा शोधता येतो; उपकेंद्रात एकच आरोग्यसेविका असेल तर तसा पर्याय उरत नाही.

गावातील ओळखीपाळखीमुळे गोपनीयतेचा प्रश्न अधिक नाजूक होतो. आरोग्यसेविका, आशा सेविका व रुग्ण हे एकमेकांचे शेजारी वा नातलग असू शकतात. केसपेपरवरील एखादी नोंद किंवा सहज काढलेला उद्गार संध्याकाळपर्यंत गावभर होऊ शकतो, आणि त्याची परिणती रुग्णाचे शिक्षण, विवाह, निवारा किंवा प्राण धोक्यात येण्यात होऊ शकते. त्यामुळे ग्रामीण भागातील प्रशिक्षणात ‘काय विचारावे’ याइतकेच ‘काय बोलू नये’ हे महत्त्वाचे ठरते.

नोंदवह्यांची रचनाही विचारात घ्यावी लागते. कुटुंबनियोजनासाठीच्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत विवाहित जोडपीच येतात. विवाहाबाहेर राहणाऱ्या व्यक्तीच्या प्रजनन आरोग्याची विचारपूस त्या नोंदवहीतून होत नाही. सामुदायिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी गावात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ही उणीव दाखवून देता येते.

दुसरीकडे, जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणेला नाजूक विषयांवर घरोघरी बोलण्याचा अनुभवही आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्यात राबवलेल्या प्रेरणा प्रकल्पात नैराश्याची लक्षणे ओळखण्यासाठी आशा सेविकांचा सहभाग घेण्यात आला. निवाडा न करता ऐकणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे हेच कौशल्य एलजीबीटी रुग्णांच्या बाबतीतही उपयोगी पडते.

## महाराष्ट्रातील संबंधित उपक्रम

मुंबईतील गोकुळदास तेजपाल रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. मुंबईतील हमसफर ट्रस्ट (स्थापना १९९४), पुण्यातील समपथिक ट्रस्ट आणि नागपूरमधील सारथी ट्रस्ट या संस्था समुदायाच्या आरोग्य व हक्कांसाठी काम करत आल्या आहेत. समपथिक ट्रस्टचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत विपुल लेखन केले असून, मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना ते उपयुक्त आहे. कल्याण व पुणे येथील पारलिंगी व्यक्तींसाठीची ‘मित्र’ चिकित्सालये परदेशी अर्थसाहाय्य थांबल्यामुळे इ.स. २०२५ च्या प्रारंभी बंद पडली. विशेष केंद्रे निधीवर अवलंबून असतात. त्यामुळे सर्वसाधारण रुग्णालयातील परिचारिकांना प्रशिक्षण देण्याची गरज या घटनेने अधोरेखित केली.

या समुदायातील व्यक्ती स्वतःही परिचर्येच्या व्यवसायात आहेत. तमिळनाडू शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये अन्बू रूबी या पारलिंगी स्त्रीची ग्राम परिचारिका म्हणून नियुक्ती केली. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकीही कोणी या समुदायातील असू शकते, याचे भान अध्यापकाने ठेवणे अपेक्षित आहे.

## अध्यापनपद्धती

केवळ व्याख्यानाने माहिती वाढते, परंतु वागणूक बदलण्यासाठी सराव लागतो. त्यासाठी पुढील पद्धती वापरता येतात :

* समुदायातील व्यक्तींशी, त्यांच्या संमतीने व मानधन देऊन, वर्गात संवाद.
* नोंदणी, पूर्वेतिहास घेणे व घरी जाताना दिला जाणारा सल्ला यांची भूमिकाभिनयातून तालीम.
* प्रसंगांवर आधारित चर्चा. उदाहरणार्थ, गरोदर पारलिंगी पुरुष प्रसूतिकक्षात आल्यास काय करावे.
* प्रात्यक्षिक परीक्षेत संवाद व गोपनीयतेसाठी गुण.
* स्वतःच्या पूर्वग्रहांविषयी रोजनिशीतून चिंतन.

अध्यापकांचे प्रशिक्षण ही याची पूर्वअट आहे. वर्गात ऐकलेले वाक्य आणि वॉर्डातील वरिष्ठ सिस्टरांचे वर्तन यांत विसंगती असल्यास विद्यार्थी वॉर्डातील वर्तनाचे अनुकरण करण्याची शक्यता अधिक असते.

## मतभेद आणि मर्यादा

स्वतंत्र कक्ष असावा की सर्वसाधारण वॉर्डातच समावेश करावा, याविषयी दोन मते आहेत. स्वतंत्र कक्षामुळे सुरक्षितता वाढते, असे काहींना वाटते; तेथे दाखल होताच ओळख उघड होते व वेगळेपणाचा शिक्का बसतो, असा इतरांचा आक्षेप आहे. जिल्हा व तालुका पातळीवर खाटांची संख्या पाहता सर्वसाधारण वॉर्डच बहुतेकांच्या वाट्याला येतो.

काही विद्यार्थ्यांच्या कौटुंबिक वा धार्मिक धारणा या विषयाशी जुळत नाहीत. परिचर्येची आचारसंहिता परिचारिकेला खासगी मत बदलण्याची सक्ती करत नाही. मात्र त्या मतामुळे रुग्णाच्या सेवेत उणेपणा येऊ नये, अशी तिची अपेक्षा असते. मनुष्यबळाची कमतरता व कामाचा ताण या सबबीही पुढे केल्या जातात. परंतु नाव विचारणे, पडदा लावणे, ‘तुम्ही’ म्हणणे आणि ऐकलेले स्वतःपाशी ठेवणे यांसाठी वेगळे मनुष्यबळ वा उपकरण लागत नाही. ही परिचर्येची मूळ तत्त्वेच असून, ती सर्व रुग्णांना सारखी लागू करणे हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

## हेही पाहा

* परिचर्या
* तृतीयपंथी
* भारतीय परिचर्या परिषद
* महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
* यवतमाळ जिल्हा